‘मास्टर ऑफ रिॲलिटी’चे वजन नेमके कुठे आहे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमसारखा वजनदार आवाज मिळावा म्हणून प्रश्नकर्त्यांनी आपली गिटार ई वरून सी शार्पपर्यंत उतरवली, तिच्यावर तेरा नंबरच्या (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंचाची असलेल्या) जाड तारा चढवल्या आणि लॅपटॉपवरच्या ॲम्प सिम्युलेटरमध्ये (ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) गेन (आवाज किती फाडायचा ते ठरवणारे बटण) व बेस (खालचे स्वर) जवळजवळ पूर्ण उघडले. तरीही हाती आला तो गिचमिड, कोंदट आवाज. आता कोणते पेडल (आवाज बदलणारे, पायाने चालवायचे उपकरण) घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे. शिवाय, या एका अल्बमने डूम मेटलचा (संथ, जड मेटल संगीताचा) आवाज घडवला हे खरे, की ती चाहत्यांची अतिशयोक्ती, असाही एक जोडप्रश्न आहे.

पेडलचा विषय मी शेवटासाठी ठेवतो, कारण तुमची अडचण पेडलने सुटणारी नाही. गिटार तीन सेमीटोन (पेटीच्या तीन पट्ट्या) खाली नेल्यावर आवाजात जे वजन यायला हवे होते ते का आले नाही, हा तुमचा खरा प्रश्न आहे. मी स्वतः गिटार वाजवतो आणि त्याहून जास्त वेळ पुण्यातल्या बँडांच्या गिटारी रेकॉर्ड करण्यात घालवतो. नवी मुले जवळजवळ याच शब्दांत ही तक्रार घेऊन येतात. माझे उत्तर असे आहे, की त्या अल्बममधले वजन एकट्या गिटारमध्ये नाहीच. ते गिटार आणि बास (खालच्या सुरांची बास गिटार) यांनी मिळून उचललेले आहे, आणि त्याचा बराचसा भाग दोन आघातांच्या मधल्या रिकाम्या वेळात आहे. तुम्ही ते सगळे एका गिटारच्या ट्रॅकमध्ये कोंबायला बघता आहात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या गिटारची स्केल लेंग्थ (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) किती आहे, पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारा भाग) एका वेटोळ्याचे, म्हणजे सिंगल कॉइल आहेत की दोन वेटोळ्यांचे हंबकर, तुम्ही घरात हेडफोनवर वाजवता की खोलीत ॲम्प मोठा करायची मुभा आहे, तुमच्याकडे बास वाजवणारा माणूस आहे की तोही ट्रॅक तुम्हीच वाजवणार, यांवर पुढचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. शिवाय ‘डूम’ म्हणताना तुमच्या मनात कोणता डूम आहे, यानेही बराच फरक पडतो. मी इथे तुम्ही नाव घेतलेल्या अल्बमपुरतेच बोलतो आहे.

आता मुळाशी जाऊ. सॅबथचे टोनी आयोमी हे बर्मिंगहॅमचे, डावखुरे गिटारवादक. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. डावखुऱ्या वादकाचा उजवा हात म्हणजे तारा दाबणारा हात. कारखान्याच्या मॅनेजरने त्यांना जँगो राइनहार्ट यांची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे भाजून निकामी झाली होती आणि तरीही ते जगातल्या थोर गिटारवादकांत गणले जात होते. मग आयोमी यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांवर बसतील अशा टोप्या केल्या आणि त्यांवर चामडे चिकटवले. या टोप्यांमधून तारेचा स्पर्श नीट कळत नाही आणि जाड, ताणलेली तार दाबताना वेदना होतात. म्हणून त्यांनी शक्य तितक्या बारीक तारा वापरायला सुरुवात केली. तेव्हा तशा तारांचे तयार संच सहज मिळत नसत, म्हणून त्यांनी बँजोच्या तारा लावल्या. तिसऱ्या अल्बमच्या, म्हणजे ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’च्या वेळी आणखी एक पाऊल पुढे जाऊन त्यांनी काही गाण्यांसाठी गिटारच उतरवली. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ आणि ‘इन्टू द व्हॉइड’ ही ती गाणी. बँडचे बासवादक गीझर बटलर यांनी बासही तितकाच खाली आणला. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांचा ठोका या संगीतात उतरला, असे बरेच जण लिहितात आणि ते वाचायला छान वाटते. रेकॉर्डिंगला बसल्यावर मात्र त्याचा काही उपयोग होत नाही. बारीक तारेचा आणि ढिल्या ताणाचा होतो.

पेटीच्या भाषेत सांगायचे तर गिटारची सगळ्यात खालची खुली तार पांढरी तीनवरून काळी एकवर आली. कंपनसंख्या पाहिली तर ती ८२.४ हर्ट्झवरून ६९.३ हर्ट्झवर येते. तार तीच ठेवली तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तीन सेमीटोन उतरल्यावर मूळ ताणाच्या सुमारे ७१ टक्केच उरतो. याचा दुसरा अर्थ असा, की तोच ताण कायम ठेवायचा असेल तर तार सुमारे १९ टक्क्यांनी जाड घ्यावी लागते. दहाचा संच ई मध्ये जितका ताठ वाटतो, तितका ताठपणा सी शार्पमध्ये बाराच्या संचाने मिळतो. तुम्ही तेराचा संच लावला आहे. सी शार्पमधला तेराचा संच हाताला ई मधल्या अकराच्या संचासारखा लागतो. म्हणजे तुम्ही सूर खाली नेला, पण गिटार बहुतेक जण वापरतात त्यापेक्षा ताठ करून ठेवली. आयोमी यांनी गिटार उतरवण्यामागे जे कारण होते, त्याच्या हे अगदी उलट आहे.

ढिल्या तारेचा आवाजावर काय परिणाम होतो, ते कानाने ओळखता येते. ढिली तार जोरात छेडली की पहिल्या क्षणी तिचा सूर चढा निघतो आणि मग खाली येऊन बसतो. ट्यूनर लावून खालची तार एकदा हळू आणि एकदा जोरात छेडून पाहा. काटा कसा पुढे जाऊन मागे येतो ते दिसेल. प्रत्येक आघाताबरोबर सुराची ही घसरण होत असल्यामुळे रिफला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या ओळीला) एक प्रकारचे झुकणे येते. त्यात आयोमी यांची सवय खालच्या तारेवरचा सूरही किंचित ओढून धरण्याची, त्याला कंप देण्याची आणि मध्येमध्ये झटपट ट्रिल (दोन शेजारच्या सुरांत वेगाने ये-जा) घेण्याची. तेराच्या ताठ तारेवर हे करायला गेलात तर हात भरून येईल आणि सूर जागचा हलणार नाही. तेव्हा पहिला बदल हा करा, की तारा पातळ घ्या. दहाचा संच चालेल. हात हलका असेल तर नऊचाही चालेल. तुमची गिटार एसजी किंवा लेस पॉलच्या घडणीची, म्हणजे पावणेपंचवीस इंची स्केलची असेल, तर ताण आणखी थोडा कमी लागेल. साडेपंचवीस इंची स्केलच्या गिटारवर तीच तार सुमारे सहा टक्के जास्त ताठ लागते.

तारा बदलल्यावर गिटारची मान पाहून घ्या. तेराच्या तारांच्या ओढीला जमवलेली मान दहाच्या ढिल्या तारांखाली मागे झुकते आणि खालची तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर खडखडायला लागते. ट्रस रॉड (मानेतली बाक जुळवणारी सळी) थोडा सैल करून मानेला किंचित बाक द्यावा लागतो. हे काम जमत नसेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि ट्यूनिंग सी शार्प आहे हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो सगळे ई मध्ये जुळवून देईल. ट्यून करताना तार जितक्या जोरात वाजवणार तितक्याच जोरात छेडा. नाजूक हाताने ट्यून केलेली ढिली गिटार रेकॉर्डिंगमध्ये सतत चढी वाजते.

आता गिचमिडीकडे येतो, कारण तुमची खरी पकड तिथे सुटली आहे. साधारण बारा इंची गिटार-स्पीकर ७५ हर्ट्झच्या खाली झपाट्याने कमी पडतो आणि ५,००० हर्ट्झच्या वरही. सी शार्पवर उतरवलेल्या खालच्या तारेचा मूळ स्वर आहे ६९ हर्ट्झ. म्हणजे ज्या स्वराच्या वजनासाठी तुम्ही हा खटाटोप केला, तो मूळ कंपनसंख्येवर गिटारच्या स्पीकरमधून धड बाहेरच पडत नाही. आपल्याला जे ऐकू येते ते त्याचे उपस्वर: १३९ हर्ट्झचा, २०८ हर्ट्झचा आणि त्यावरचे. या उपस्वरांवरून आपला कान खालचा स्वर मनातल्या मनात भरून घेतो, म्हणूनच मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही रिफ कोणत्या सुरात आहे ते कळते. तेव्हा खालचा स्वर वजनदार ऐकू येण्यासाठी मध्य पट्टा स्वच्छ आणि भरलेला असावा लागतो. तुम्ही बेस वाढवून नेमका तोच पट्टा झाकून टाकलात. स्क्रीनवरचा आलेख भरगच्च दिसत असेल, पण कानाला सूर ओळखायला आधार उरलेला नाही.

दुसरा घोटाळा गेनचा आहे. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नल कापला जाणे, आणि खालचे स्वर सगळ्यात मोठे असल्यामुळे ते आधी कापले जातात. बेस भरपूर ठेवून तो सिग्नल ॲम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये सोडला, की खालचा स्वर वरच्या सगळ्या स्वरांना स्वतःबरोबर फरफटत नेतो. त्यालाच तुम्ही गिचमिड म्हणता. त्या काळात आयोमी लेनी कंपनीचे शंभर वॉटचे ॲम्प वापरत आणि त्यांच्या आधी डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर लावत. त्यांच्या बूस्टरमध्ये काही फेरफार केलेले होते, पण मूळ रेंजमास्टरची रचना सोपी आहे: एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि सुरुवातीला छोटा कपॅसिटर, जो खालचे स्वर अडवून वरचे पुढे सोडतो. म्हणजे ॲम्पपर्यंत पोहोचतानाच सिग्नलमधला खालचा भाग छाटलेला असतो. ॲम्प खवळतो तो मध्य आणि वरच्या पट्ट्यामुळे, आणि खालचा स्वर त्यात लडबडत नाही. जगातल्या सगळ्यात जड गिटारांपैकी एक गिटार ‘ट्रेबल’ वाढवून बनली, हे नव्या माणसाला खोटे वाटते. पण तुम्हीही सिम्युलेटरच्या आधी एक इक्वलायझर लावून १३० हर्ट्झच्या आसपासपासून खालचे उतरवा आणि सातशे ते दीड हजार हर्ट्झ थोडे उचलून पाहा. गेन अर्ध्यावर आणा. आवाज लगेच उघडा होतो आणि कॉर्डमधले दोन स्वर वेगळे ऐकू येतात. मग हवा असेल तेवढा बेस ॲम्पच्या नंतर परत वाढवा. तिथे तो कापला जात नाही.

दोन स्वरांचे म्हणालो, त्यावर जरा थांबतो. रॉकमधला पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, बस. बोटांच्या मर्यादेमुळे आयोमी यांनी या दोन स्वरांच्या कॉर्डवर फार भर दिला. दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाइतका एक तिसरा स्वर तयार होतो. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन असल्याने हा तिसरा स्वर षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली पडतो. बाराव्या फ्रेटवर १३९ हर्ट्झचा षड्ज घेतलात, तर डिस्टॉर्शन स्वतःहून ६९ हर्ट्झ निर्माण करते, म्हणजे तुमच्या खुल्या तारेचाच स्वर. म्हणून पॉवर कॉर्ड वर सरकला तरी रिफचे वजन उतरत नाही. मात्र यासाठी दोन्ही तारा एकमेकींशी अगदी सुरेल असाव्या लागतात. पंचम जरा हलला की तो तिसरा स्वरही हलतो आणि तळ डळमळतो. ढिल्या तारेवर एक बोट जास्त दाबले तरी हे घडते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कॉर्ड धरल्यावर खाली जी घरघर ऐकू येत असेल, तिचा संशय मी आधी डाव्या हाताच्या दाबावर घेईन.

यानंतर बास. बटलर यांचा बास तितकाच खाली उतरवलेला आहे, त्यामुळे त्याची सगळ्यात खालची तार ३४.६ हर्ट्झवर बोलते. तिचा पहिला उपस्वर नेमका ६९.३ हर्ट्झ, म्हणजे गिटारच्या स्पीकरमधून जो स्वर नीट येत नव्हता तोच. गिटारचा तळ असा बासमधून येतो. स्टुडिओत मी नव्या बँडला एक गोष्ट हमखास करून दाखवतो. सगळे मिळून ‘व्वा, काय वजन आहे’ म्हणत असतात, तेव्हा बासचा ट्रॅक बंद करतो. स्पीकरमधून एक मध्यम, थोडी कर्कश, जवळजवळ नाकात बोलणारी गिटार ऐकू येते आणि गिटारवादकाचा चेहरा पडतो. त्याला वाटत असते की ते वजन त्याच्या हातातले आहे. मग तो ॲम्पवरचा बेस वाढवायला उठतो आणि मला त्याला खाली बसवावे लागते. कारण त्याने बेस वाढवला, तर गिटार, बास आणि किक ड्रम ही तिन्ही माणसे एकाच अरुंद दारातून एकदम बाहेर पडायला बघतील आणि दारातच अडकतील.

तुमच्याकडे बासवादक नसेल तर बास भाड्याने किंवा मित्राकडून आणून स्वतः वाजवा. गिटारचा ट्रॅक सॉफ्टवेअरने एक सप्तक खाली नेऊन बास म्हणून वापरू नका. त्यात बोटांचा आघात नसतो आणि तो गिटारच्या इतका मागोमाग चालतो की दोन वाद्ये आहेत असे वाटतच नाही. बटलर रिफ गिटारबरोबरच वाजवतात, पण वाक्याच्या शेवटी स्वतःचे काहीतरी घालतात, सूर ओढतात, वरच्या तारेवर जाऊन येतात. दोघे एकच ओळ म्हणत असूनही त्यांच्यात केसभर अंतर राहते, आणि त्या अंतरामुळे आवाज रुंद होतो. बासला थोडे डिस्टॉर्शन द्यायला हरकत नाही; साध्या आवाजाच्या बासने या संगीतात निभत नाही.

तालाबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. डूम म्हणजे संथ, असे समजून बरेच जण मेट्रोनोम साठवर लावतात आणि प्रत्येक मात्रेवर सारख्या जोराने आघात करत बसतात. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ तर घोड्यासारखे दौडते, ‘स्वीट लीफ’च्या मधोमध वेग अचानक वाढतो, आणि ‘इन्टू द व्हॉइड’ हे गाणे संथ रिफपासून तळव्याने दाबून वाजवलेल्या मुख्य रिफवर आणि तिथून वेगाच्या भागावर असे सरकत राहते. सॅबथचे ड्रमर बिल वॉर्ड यांच्यावर जीन क्रुपासारख्या जॅझ ड्रमरांचा प्रभाव होता आणि ते रिफला उत्तर देत वाजवतात. संथ भागातही त्यांच्या हाताला डोल आहे. वजन जाणवायला आधी हलके काहीतरी असावे लागते, आणि त्या अल्बमवर ते जागोजागी आहे: अर्ध्या मिनिटाचा ‘एम्ब्रियो’, ध्वनिक गिटारवरचा ‘ऑर्किड’, बासरीचा हळवा ‘सॉलिट्यूड’. जेमतेम चौतीस मिनिटांच्या अल्बममध्ये एवढी शांतता ठेवायची हिंमत आजच्या किती बँडांत आहे, असा प्रश्न मला पडतो. ‘ऑर्किड’ संपून ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ सुरू होते तो सांधा हेडफोनवर ऐका. ध्वनिक गिटारने कान मऊ केलेला असतो, म्हणून पुढचा रिफ दुप्पट मोठा वाटतो. मिक्सिंगमधल्या कोणत्याही करामतीने हा परिणाम इतक्या स्वस्तात साधत नाही. गाण्याचा आवाजही विसरू नका. ऑझी ऑस्बॉर्न यांचा उंच, टोकदार आवाज गिटारच्या बराच वर बसतो, त्यामुळे गिटारला खाली जायला मोकळीक मिळते. तुमच्या गायकाला खर्जात गुरगुरायचे असेल तर गिटारची जागा पुन्हा आखावी लागेल.

जोडप्रश्नाचे उत्तर मी थोडे तोलून देतो. डूमचा आत्मा, म्हणजे संथ गती आणि ट्रायटोनचा (सहा सेमीटोनांच्या अंतराचा) तो अशुभ वाटणारा स्वरसंबंध, सॅबथच्या फेब्रुवारी १९७० मधल्या पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच गाण्यात आहे. तो अल्बम आणि त्याच वर्षीचा ‘पॅरानॉइड’ हे दोन्ही घाईत झालेले आहेत. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’साठी मात्र १९७१ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लंडनच्या आयलंड स्टुडिओत त्यांना जास्त सवड मिळाली, निर्माते तेच, रॉजर बेन. तारा उतरवणारे आयोमी पहिले नव्हते, हेही खरे. जिमी हेन्ड्रिक्स अर्धा स्वर उतरवून वाजवत असत आणि ब्लूज गायक लेड बेली यांची बारा तारांची गिटार त्याहून बरीच खाली असे. पण शंभर वॉटच्या ॲम्पमधून, बासला बरोबर घेऊन, सबंध बँडच तीन सेमीटोन खाली उतरतो आणि त्यावर रिफ रचतो, हे या अल्बमने रूढ केले. तेव्हा याला कोणी डूम म्हणत नव्हते. ते नाव ऐंशीच्या दशकात सेंट व्हायटस, ट्रबल, कँडलमास असे बँड आल्यावर रुळले. म्हणून मी असे म्हणेन, की डूमची कल्पना पहिल्या अल्बमची आणि डूमच्या गिटारचा आवाज तिसऱ्याचा.

पुढच्यांनी त्यातून आपापल्या सोयीचे उचलले. कँडलमासने १९८६ च्या पहिल्या अल्बममध्ये भव्यता घेतली आणि तिला घनगंभीर गायनाची जोड दिली. कॅलिफोर्नियाच्या स्लीपने ढिला, डोलणारा रिफ घेतला आणि तो इतका ताणला की पुढे त्यांची एकच रचना तासाभराहून मोठी झाली. कायस आणि साउंडगार्डन या दोघांनीही ‘इन्टू द व्हॉइड’ आपापल्या पद्धतीने वाजवले आहे. ती दोन्ही रेकॉर्डिंग मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐका, म्हणजे कोणती गोष्ट बदलली तरी चालते आणि कोणती बदलली की गाणे मोडते, हे तुम्हाला माझ्या लेखापेक्षा लवकर कळेल. इंग्लंडच्या इलेक्ट्रिक विझार्डने फझ (खरखरीत डिस्टॉर्शन) एवढा वाढवला की सूर त्यात बुडायला आले, आणि त्यांना ते तसेच हवे होते. तुमच्या मनातला डूम त्यांचा असेल, तर गेन कमी करा हा माझा सल्ला तुम्ही खुशाल बाजूला ठेवा.

इथपर्यंतचे एकत्र करून कामाचा क्रम सांगतो. आधी दहाच्या तारा, मानेची जुळणी, आणि वाजवाल त्याच जोराने ट्यूनिंग. मग ॲम्पच्या आधी बेस छाटायचा, गेन अर्धा, मध्य पट्टा वर. एवढे झाल्यावर एकट्या गिटारचा आवाज तुम्हाला कदाचित बारीक वाटेल, आणि तो तसाच वाटायला हवा. तो न बदलता बासचा ट्रॅक वाजवा आणि दोन्ही मिळून ऐका. नंतर तीच गिटार, तेच सेटिंग ठेवून, पुन्हा एकदा सुरुवातीपासून वाजवा आणि दोन ट्रॅक डावी-उजवीकडे ठेवा. पहिल्याची प्रत काढून सरकवू नका. दोन वेळा वाजवताना सुरांची घसरण दर वेळी थोडी वेगळी होते आणि तीच हवी आहे. क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावणार असाल तर संथ रिफचा आणि वेगाच्या भागाचा टेम्पो वेगळा आखून घ्या. घरात हेडफोनवर मिक्स करत असाल तर बास किती ठेवायचा याचा निर्णय त्यावर घेऊ नका. गाडीत किंवा साध्या स्पीकरवर ऐका, आणि शेजारी ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ त्याच आवाजाच्या पातळीला आणून वाजवा. जुने रेकॉर्डिंग तुमच्यापेक्षा कमी आवाजात वाजते, म्हणून पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना तुम्हाला उगाच खूष करेल.

हे सगळे करून झाल्यावरही पेडल घ्यावेसे वाटले, तर जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा ट्रेबल बूस्टर घ्या. तो गिटारच्या लगेच पुढे लावा. त्याच्या आधी बफर (सिग्नल मजबूत करून पुढे सोडणारे सर्किट) असलेले कोणतेही पेडल, अगदी तसला ट्यूनरसुद्धा, ठेवू नका, कारण या सर्किटला थेट पिकअपचा भार लागतो आणि मध्ये बफर आला की आवाज पातळ आणि किरटा होतो. घेण्यापूर्वी त्याची वीजजोडणी विचारून घ्या. जुन्या रचनेचे बरेच बूस्टर पॉझिटिव्ह ग्राउंडचे (विजेचे धन टोक ग्राउंडला जोडलेले) असतात आणि इतर पेडलांबरोबर एकाच ॲडॅप्टरवर जोडले की शॉर्ट होतात. असल्यांना सरळ नऊ व्होल्टची बॅटरी घालावी. तुमच्या इंटरफेसवर (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणावर) इन्स्ट्रुमेंट आणि लाइन असे दोन प्रकारचे इनपुट असतील, तर बूस्टर इन्स्ट्रुमेंटमध्येच जोडा आणि इनपुटचा दिवा लाल होणार नाही एवढी पातळी ठेवा. डिजिटल इनपुट कापला गेला तर तो आवाज लेनीचा ॲम्प खवळल्यासारखा येत नाही, नुसता फाटका येतो.